धुराड्याखालचा फ्लॅट

“वहिनी, कळलं का? कोपऱ्यावरच्या ताई घर विकताहेत.”

“काय सांगता! मुलाकडे चालल्या का टेक्सासला?”

“छे हो. इथेच, पूल ओलांडून वॉशिंग्टनमध्ये. जॉर्जटाउनला, नदीकाठी. हॉटेलवाल्या काँडोत! ते रिट्झ-कार्ल्टन आहे ना, तिथला फ्लॅट परवा बघून आल्या. फोन ठेवायला तयार नाहीत.”

“थाट आहे बुवा.”

“थाट कसला, कचरा जाळायची भट्टी होती ती! १९३२ ची. १९७१ पर्यंत शहराचा कचरा जळायचा तिथे. मग कित्येक वर्षं पडीक, आणि २००३ मध्ये हॉटेल. धुराडं तेवढं ठेवलंय, चांगलं १३० फुटांचं. त्याच्या बुडाशी आत जेवणाची खोली केलीये.”

“ईऽऽ! धुराड्यात जेवायचं?”

“पैसे मोजून! पण खरं सांगू, मला आवडलं ते. पाडून काचेचा डबा उभा केला नाही. आणि त्या वस्तीत मनाला येईल ते करताही येत नाही. १९५० पासून कायदाच आहे. रस्त्यावरून दिसणारी खिडकी बदलायची तरी आधी तपासणी मंडळापुढे नकाशे ठेवायचे. आपण इथे कुंपणाच्या रंगावरून आपल्या सोसायटीच्या, एचओएच्या नावानं बोटं मोडतो!”

“पण काकू, झाडलोट, जेवण, सगळं हॉटेलवाले बघणार म्हणजे सुखच की.”

“तिथेच तर मेख आहे. अशा इमारतींत दारावरचा माणूस, पार्सलं घेणारा, निरोप ठेवणारा, हे बहुतेक महिन्याच्या फीमध्ये येतात. चादरी बदलून हव्यात, जेवण वर मागवायचंय, की लागलं वेगळं बिल. शिवाय बांधणारा एक आणि पाटी दुसऱ्याची. हॉटेल कंपनी नाव देते, माणसं देते, त्याचे पैसे घेते. उद्या करार संपला तर पाटी उतरू शकते, फ्लॅट मात्र आपल्या गळ्यात. मी ताईंना म्हटलं, करार किती वर्षांचा ते बघा, मोठ्या दुरुस्तीच्या फंडात किती शिल्लक आहे ते विचारा. तर मला म्हणतात, अगं, लॉबीत काय सुंदर शेकोटी आहे!”

“अगदी ताईच! पण नदी एवढी जवळ, पुराचं काय?”

“भट्टी जरा चढावर आहे. खाली वॉशिंग्टन हार्बर संकुलात मात्र २०११ च्या एप्रिलमध्ये पाणी शिरलं होतं. पूर अडवायच्या भिंती होत्या की, वेळेवर सगळ्या वर केल्या नव्हत्या! तिथली रेस्टॉरंटं पाण्यात.”

“अरे देवा.”

“अहो, तो काठ आधी असा नव्हताच. १७५१ मध्ये वसलं ते गाव, वॉशिंग्टनचा पत्ताही नव्हता तेव्हा. तंबाखूची पिंपं जहाजांवर चढायची. मग कालवा आला, पिठाच्या गिरण्या आल्या, सिमेंट आलं, आणि ही भट्टी. पैसेवाले वर टेकाडावर राहायचे, खाली धूर आणि घाण. काठावरचं काम गेलं, वास गेला, आणि भाव आले.”

“आणि मेट्रो नाही ना तिथे? श्रीमंतांनी येऊच दिली नाही म्हणे.”

“सगळे तेच सांगतात. पण खरं कारण वेगळं. नदीखालून येणारा बोगदा तिथे इतका खोल, की स्टेशन करणं अवघड आणि महाग. त्यात आसपास कचेऱ्या कमी, मग कोणी हट्टच धरला नाही. म्हणजे गाडी हवीच. ती लावून द्यायला माणूस आहे म्हणा.”

“ताईंचे यजमान भाऊ काय म्हणतात?”

“भाऊंचं एकच पालुपद, कढीपत्ता कुठे ठेवू? सात कुंड्या आहेत त्यांच्या. थंडीत एकेक कडेवर घेऊन घरात आणतात. इथे गॅरेज आहे, बेसमेंट आहे. तिथे बाल्कनीत काय ठेवायचं याचेही नियम असायचे.”

“मग कुंड्या?”

“मी म्हटलं, ठेवा माझ्याकडे.”

“सगळ्या? काकू, ती डेकवरची मोठी गेल्या उन्हाळ्यातच भाऊंनी मला कबूल केली होती!”

“मलाही तीच केलीये.”