अतिथी देवो भव, चौदा दिवसांनंतर

अक्कलकोटला स्वामींचं दर्शन आटोपून गाणगापूरला निघालेल्या गाड्या मैंदर्गीवरून दुधनीकडे जाताना पाहिल्या, की रस्त्याकडेला जागा असलेल्या मैंदर्गीकराला वाटतं, आपणही दोन खोल्या काढाव्यात, गिझर बसवावा, मोबाइलवर फोटो टाकावेत आणि दाराशी ‘होमस्टे’ची पाटी ठोकावी. विचार उत्तम आहे. फक्त २०२० सालातला एक प्रश्न अजून तसाच लोंबकळतो आहे. दोन दिवसांची खोली घेतलेला पाहुणा बॅग टेकवता टेकवता म्हणतो, “मालक, मी इथंच चौदा दिवस क्वारंटाइन होतो म्हणतो.” अशा वेळी कानडीत ‘बर्री, कूड्री’ (या, बसा) म्हणून चहा टाकायचा, की आत जाऊन तहसील कार्यालयाला फोन लावायचा? पुढच्या साथीत धावपळ नको म्हणून इच्छुक मालकांच्या सोयीसाठी ही नियमावली.

१. पाहुणा कुठून आला ते विचारावे, उत्तराला मात्र फार महत्त्व देऊ नये. देशातला कोरोनाचा पहिला बळी १० मार्च २०२० रोजी आपल्या पूर्वेला कलबुर्गीत गेला, तेव्हा रोग कर्नाटकातून येतो असं आपलं ठाम मत झालं. १२ एप्रिलला पश्चिमेला सोलापुरात पहिला रुग्ण नोंदला गेला. पुढे मे महिन्यात कर्नाटकाने महाराष्ट्रातून येणाऱ्यांना काही दिवस दारच बंद केलं. रोग महाराष्ट्रातून येतो, असं त्यांचंही ठाम मत झालं होतं. मैंदर्गी दोघांच्या मधे आणि सोयरीक दोन्हीकडे. तेव्हा सोपा नियम पाळावा: आगाऊ भाडं देणारा कुठूनही आला तरी निरोगी.

२. पोलीस आले तर घाबरू नये, कायदा दाखवावा. मुंबईत प्लेग पसरला तेव्हा इंग्रजांनी १८९७ मध्ये केलेला साथरोग कायदाच महाराष्ट्राने १३ मार्च २०२० रोजी धूळ झटकून पुन्हा बाहेर काढला. प्रवासी संशयितांना रुग्णालयात, तात्पुरत्या निवासात किंवा अन्य ठिकाणी वेगळं ठेवण्याची तरतूद त्यात आहेच. ते अन्य ठिकाण म्हणजे आपली माडी. शिवाय २४ मार्च २०२० च्या केंद्राच्या आदेशात, टाळेबंदीत अडकलेल्या पर्यटकांना ठेवणाऱ्या होमस्टेंना नाव घेऊन सूट होती. पर्यटक मैंदर्गीत नेमका काय बघता बघता अडकला, तेवढं आधी ठरवून ठेवावे.

३. नाव-गाव लिहून घेण्याआधी पाहुण्याचा डावा हात पाहावा. मार्च २०२० मध्ये परदेशातून आलेल्यांच्या हातावर सरकारने ‘होम क्वारंटाइन’चा शिक्का मारायला सुरुवात केली. शाई मतदानाची, त्यामुळे शिक्का मारला की माणसाकडे पुन्हा बघायचं नसतं असा काही यंत्रणेचा समज झाला असावा. १८ मार्चला जर्मनीहून आलेले चौघे शिक्क्यासकट रेल्वेत बसून सुरतेला निघाले आणि पालघरला उतरवले गेले. गाडीचं नाव गरीब रथ. यावरून धडा घ्यावा. शिक्का आपणहून दाखवणारा पाहुणा प्रामाणिक असतो, त्याला हात जोडून परत पाठवावे. बाही बोटांपर्यंत ओढून बसणारा सभ्य असतो, त्याला किल्ली द्यावी.

४. जेवणाचे आधीच ठरवावे. विलगीकरणातल्या पाहुण्याला माणसं नको असतात. माणसांच्या हातचं सगळं हवं असतं. सकाळी गरम पाणी, दुपारी ताक, रात्री पिठलं, आणि यातलं काहीही आणणाऱ्याने सहा फुटांवर थांबायचं. उपाय सोलापुरी आहे. पहिल्याच दिवशी ज्वारीच्या कडक भाकऱ्यांची चवड आणि शेंगाचटणीचा डबा दाराशी ठेवावा. दोन्ही चौदा दिवस टिकतात. पाहुणा टिकतो का, ते लांबून बघावे.

५. पाहुण्याजवळ पत्र असेल तर वरचे सर्व नियम रद्द समजावेत. एप्रिल २०२० मध्ये जिल्ह्यांच्या सीमा बंद असताना उद्योगपती वाधवान कुटुंब स्वयंपाकी-नोकरांसह २३ जणांचा गोतावळा घेऊन खंडाळ्याहून महाबळेश्वरच्या फार्महाउसवर पोहोचलं. जवळ गृहखात्याच्या प्रधान सचिवांचं पत्र होतं. मंडळी परिचयाची आहेत आणि कौटुंबिक अडचण आहे, असा त्यातला आशय. अडचणही अशी, की थंड हवेच्या ठिकाणाशिवाय सुटू नये. बोभाटा झाल्यावर सगळ्यांना पाचगणीत विलगीकरणात ठेवलं आणि सचिव सक्तीच्या रजेवर गेले. पण हे बोभाटा झाल्यावर. तोवर पत्र चाललंच की. म्हणून पत्र मराठीत असेल तर तपासावे आणि इंग्रजीत असेल तर उभं राहून वाचावे.

६. हा नियम घरच्यांसाठी. पुण्या-मुंबईतलं काम बंद पडलं म्हणून आपलाच पुतण्या बायको-पोरांसह, डोक्यावर बोचकी घेऊन वेशीत आला, तर त्याला पाटी दिसेल अशा रस्त्याने आणू नये. २०२० मध्ये गावोगावी अशांची सोय शाळेत झाली, नाहीतर शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये. त्याचा हात तपासायचं कारण नाही. तो चालत आलाय, म्हणजे संशयित आहेच. शाळेत फळ्याखाली सतरंजी, खिडकीतून भाकरी आणि पहाऱ्याला मास्तर. “काका, माडीवरच्या खोल्या रिकाम्या दिसतात,” असं तो म्हणालाच, तर बुकिंग आहे म्हणून सांगावे. मात्र त्याला उपाशी ठेवू नये, आपलं रक्त आहे. त्याच्या भाकरीचा खर्च बाहीवाल्या पाहुण्याच्या बिलात ‘स्वच्छता शुल्क’ म्हणून लावावा. माणुसकीही होते आणि खोलीही अडकत नाही.