काहीसा साशंक

स्पर्धा परीक्षेच्या उताऱ्याखाली एक प्रश्न दबा धरून बसलेला असतो : ‘प्रस्तुत उताऱ्यात लेखकाचा सूर कोणता?’ खाली चार पर्याय : उपरोधिक, संतप्त, तटस्थ आणि ‘चिकित्सक परंतु आशावादी’. आकलनाच्या बाकीच्या प्रश्नांना आधार असतो. अमुक गोष्ट तिसऱ्या ओळीत आहे, हे बोट ठेवून दाखवता येतं. सूर सगळ्या उताऱ्यावर पसरलेला. बोट ठेवणार कुठे? त्यात सीसॅटच्या पेपरात दोन तासांत 80 प्रश्न, म्हणजे एकेकाला दीड मिनिट. तेवढ्यात अनोळखी माणसाचं मन ओळखायचं!

एरवी आपण या विषयात जन्मजात पदवीधर. वडील पेपरातून डोकं न काढता ‘करा, तुम्हाला हवं ते करा’ म्हणाले, तर ती परवानगी समजणारं पोर महाराष्ट्रात अजून जन्माला यायचं आहे. रोज ‘आलास?’ म्हणणारी आई एखाद्या रात्री ‘आलात? या!’ म्हणाली, की मुलगा घड्याळाकडे न बघताच चपला हळूच काढतो.

मग घोडं पेपरातच का अडतं? कारण घरी माणूस माहीत असतो, आवाज कानावर पडतो. उताऱ्याचं मागचं-पुढचं कापलेलं असतं आणि बहुधा लेखकाचं नावही. गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ घ्या. त्यातला तळीराम दारूची अशी काही वकिली करतो, की ऐकणाऱ्याला आपण आजवर कोरडे का राहिलो याची खंत वाटावी. आर्यमदिरा मंडळाच्या बैठकीतलं एखादं पान उताऱ्याला देऊन ‘मद्यपानाविषयी लेखकाचा दृष्टिकोन कोणता?’ असं विचारलं, तर निम्मा वर्ग ‘अनुकूल’चा गोल काळा करून येईल. सुधाकराच्या संसाराची पुढे झालेली राखरांगोळी त्या पानावर कुठून असणार?

बरं, अशी चूक विद्यार्थीच करतात असंही नाही. 1702 साली लंडनमध्ये डॅनियल डिफोने, म्हणजे रॉबिन्सन क्रूसोवाल्यानेच, एक निनावी पुस्तिका काढली. चर्च ऑफ इंग्लंडपासून फुटून निघालेल्या ‘डिसेंटर’ मंडळींचा एकदाचा निकाल लावा, असा तिचा आव. डिफो स्वतःच डिसेंटर. कडव्या लोकांची भाषा जरा चढ्या आवाजात बोलून त्यांचं हसं करायचं, हा त्याचा बेत. पण काही कडव्यांना ती पुस्तिका मनापासून पटली! थट्टा आपलीच चालली होती हे कळल्यावर व्हायचं तेच झालं. 1703 च्या जुलैत डिफोला तीन दिवस भर रस्त्यात खोड्यात उभं केलं गेलं. सूर चुकला वाचकांचा, मान अडकली लेखकाची. आपल्याकडे निदान गुणच कापतात.

क्लासवाल्यांनी यावर तोडगा काढला आहे : टोकाचा पर्याय आधी उडवा. ‘संतप्त’, ‘तिरस्कारयुक्त’, ‘भारावलेला’ यांवर फुली. उरलेल्यांतला सगळ्यात मवाळ, तो आपला. तोडगा पुष्कळदा लागू पडतो, कारण उतारे निवडणारेही भांडखोर लेखकांच्या वाटेला फारसे जात नाहीत. पण सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत वर्षानुवर्षं असे उतारे सोडवून मुलांची खात्रीच होते, की लेखक नावाचा प्राणी चिडत नाही; फार तर ‘काहीसा साशंक’ होतो. ‘सुधारक’कार आगरकरांचा निबंध पुढे ठेवला, तरी ही मुलं ‘समतोल’वर खूण करून मोकळी होतील.

त्यापेक्षा बिनखर्चाचा उपाय सांगतो. आजचा अग्रलेख घ्या आणि त्यातली विशेषणं, ‘म्हणे’, ‘अखेर’, ‘तथाकथित’, सगळं पेन्सिलीने खोडा. ‘मंत्रिमहोदयांनी अखेर पूरग्रस्त भागाची पाहणी केली म्हणे’ या वाक्यात पाहणी ही बातमी. बाकी दोन शब्द आणि ते ‘महोदय’ संपादकांचे. खोडलेलं तेवढं पुन्हा वाचा, सूर तिथेच सापडेल. महिनाभर हा नेम धरलात, तर पर्याय वाचण्याआधीच उत्तर सुचू लागेल. आणि ते टोकाचं निघालं तर बिचकू नका, खुशाल त्यावरच खूण करा. लेखकांनाही राग येतो.