तीन घरं, पाच पोरं आणि एक गुहागर

शेजारच्या भिंतीवर सकाळी सातलाच ओले टॉवेल, पोहायच्या चड्ड्या आणि वाळूने जड झालेला एक फ्रॉक दिसला, तेव्हाच ओळखलं की मंडळी रात्री उशिरा परतली. मी अळू खुडायच्या निमित्ताने भिंतीशी गेले. निमित्त म्हणजे निमित्तच. अळू मी आदल्या दिवशीच खुडला होता.

"आलात का गं?"

"आलो काकू. साडेअकरा वाजले रात्री. अजून डिकी उपसतेय. नुसती वाळू."

"कशी झाली सहल?"

"छान झाली."

हे एवढंसं 'छान झाली' मला कळतं. खरंच छान झाली असती, तर फोन हातात घेऊन ती भिंतीवर ओणवी झाली असती आणि मला समुद्राचे सगळे फोटो बघावे लागले असते. मी पानं खाली ठेवली.

"बाणेरवाले आले होते ना?"

"आले होते," असं म्हणून तिने टॉवेल झटकला. तो आधीच झटकलेला होता.

मग बांध फुटला. तीन घरं मिळून गुहागरला गेली होती. तिचे हे आणि त्यांचे कॉलेजातले दोन मित्र, तिघांच्या बायका, पाच मुलं. पैकी एक घर बाणेरचं, एक डोंबिवलीचं. बाणेरवाले आदल्या रात्री इथे साताऱ्यात मुक्कामाला आले आणि सकाळी दोन गाड्या निघाल्या. उंब्रजहून आत वळून पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. रस्ता माझ्या पायाखालचा आहे, कारण माझं माहेर हेदवीच्या अलीकडचं. आम्ही एसटीने, ट्रंकेवर बसून केलेला घाट तो.

"घाटात काय झालं ते सांग आधी."

"तुम्हाला कसं कळलं?"

"मागच्या सीटचं कव्हर वाळत घातलंयस."

कोयनानगर सोडल्यावर तिच्या थोरल्याने सुरुवात केली. तो दुसरीत आहे. त्याचं उरकतं न उरकतं तोच मागच्या गाडीतून हॉर्न, बाणेरच्या चार वर्षांच्या बाळराजांचं सुरू झालं होतं. पोफळीला उतरेपर्यंत दोन्ही गाड्या किती वेळा थांबल्या, ते तिने मोजायचं सोडून दिलं. धाकटी दीड वर्षाची मात्र टाळ्या वाजवत होती, तिला वाटलं दादा गंमत करतोय.

"तिला नाहीच लागणार गाडी. दोन वर्षांच्या आतल्यांना सहसा लागत नाही. खरा त्रास दोन ते बारा या वयात. काय खाऊन निघाला होतात?"

"उंब्रजला मिसळ."

"मुलांनीही?"

"थोडी. पाव जास्त."

"आणि हातात काय होतं त्यांच्या?"

ती जरा गप्प झाली. "मोबाइल. पण काकू, त्याशिवाय बसत नाहीत हो ती."

"बसत नाहीत ते परवडलं. डोळे म्हणतात आपण स्वस्थ बसून चित्र बघतोय आणि कानाच्या आत तोल सांभाळणारं जे यंत्र असतं ते म्हणतं आपण गरागरा वळतोय. त्या दोघांचं पटत नाही आणि पोट बळी जातं. घाटात नजर बाहेर, लांबवर. काच खाली. पोट रिकामं नको आणि तुडुंबही नको. पोळी-गूळ द्यायचा, तोंडात आलेपाकाची वडी. तुमच्या त्या गोळ्या डॉक्टरांना विचारून, पोराच्या वजनाप्रमाणे. दुसऱ्याच्या मुलाची गोळी आपल्याला नाही."

"बाणेरची हेच म्हणत होती. पण तिच्याकडे गोळी नव्हती, तेल होतं. कसलंसं, कपाळाला लावायचं."

"मग?"

"मग काय, ते तेलही उलटीला लागलं."

डोंबिवलीवाले त्या मानाने शहाणे, ते आगगाडीने चिपळूणला उतरले. त्यांच्या धाकटीला नुकतीच पाच पूर्ण झाली आहेत आणि तिथेच त्यांची पंचाईत झाली. पाचच्या आत तिकीट नाही. पाच ते बारा अर्धं तिकीट, पण मग जागा मिळत नाही, आईबापाच्या जागेत दाटीवाटीने बसवायचं. जागा हवी तर पूर्ण पैसे. यांनी अर्धं काढलं आणि पोर आईच्या मांडीवर आडवी झाली ती चिपळूणपर्यंत. "पाय मुंग्यांनी भरले म्हणत होती बिचारी," असं ही सांगत होती. मला डोंबिवलीची मुळात आवडते. तक्रार केली तरी ती पायांची करते, माणसांची नाही.

"बरं, खोल्या कशा होत्या?"

"खोल्या मस्त हो. खालच्या पाटात, नारळी-पोफळीची वाडी, मागचं दार उघडलं की सुरूबन आणि पुढे समुद्र. तिथल्या आजी घरचंच जेवण द्यायच्या. पण..."

या 'पण'साठी मी भिंतीला टेकून उभी होते.

बाणेरच्या बाळराजांची झोपायची वेळ साडेआठ. म्हणजे साडेआठ. आठ पस्तीसला त्यांच्या आईचा चेहरा बदलायचा. खोलीत अंधार, एका डबीतून पावसाचा आवाज सुरू, आणि बाहेर ओटीवर उरलेल्या सगळ्यांनी कुजबुजत बोलायचं. पुढे खरा समुद्र गर्जतोय तो चालतो, डबीतला पाऊस चालतो, पण डोंबिवलीचा नऊ वर्षांचा मुलगा पत्त्यात जिंकून ओरडला तर लगेच दार किलकिलं. मित्र इतक्या वर्षांनी भेटलेले, त्यांना हसायचं होतं. शेवटी तिघेही पुरुष हसायला किनाऱ्यावर गेले आणि बायका ओटीवर खुणांनी बोलत बसल्या.

"आणि खाणं?"

"इंडक्शनची शेगडी आणली होती तिने. रोज किन्वाची खिचडी. बाहेरचं तिखट त्याला सोसत नाही म्हणे. दुसऱ्या दिवशी हा पठ्ठ्या आजींच्या स्वयंपाकघरात पाटावर बसलेला सापडला. वाटीत सोलकढी आणि हातात घावन. आजी विचारताहेत, आणखी हवं का रे बाबू."

"सोसलं?"

"काही झालं नाही. पण तिने आजींना लेक्चर दिलं, विचारल्याशिवाय काही देऊ नका म्हणून."

आता या बाबतीत मी बाणेरवालीच्या बाजूची आहे, हे इथे सांगून टाकते. काही पोरांना दाण्याची, अंड्याची, माशाची खरोखर बाधा होते आणि परक्या घरी आईने सांगितलंच पाहिजे. फक्त ते पहिल्या दिवशी, चहाच्या वेळी, हसून सांगायचं. सोलकढी पोटात गेल्यावर नाही. हे मी शेजारणीला सांगितलं नाही. तिचा सूर तुटला असता.

"मग फिरलात कुठे कुठे?"

"ते विचारूच नका. आमच्या ह्यांनी यादी केली होती. सकाळी व्याडेश्वर, मग वेळणेश्वर, हेदवीचा दशभुज गणपती, तिथून बामणघळ, मग तवसाळहून बोटीत गाडी घालून जयगड, पुढे गणपतीपुळे, आणि रात्री परत गुहागर. एका दिवसात."

"पाच पोरं घेऊन?"

"आणि ती पाचही पोरं एकच म्हणत होती, वाळूत सोडा. वेळणेश्वरला उतरवलं तर वाळू. हेदवीला देवळात तर पायऱ्यांवर माती, तीच खेळायला घेतली. बामणघळीला जाऊन बघतो तर काहीच नाही. कोरडी भेग. फोटोत केवढं पाणी उसळताना दाखवतात!"

"कितीला गेलात?"

"दोन वाजून गेले होते."

"तिथी कुठली होती?"

"तिथी? कार्तिकी एकादशी होती बहुतेक. आजींचा उपास होता."

मला हसू आवरेना. माहेरी शाळेत जायच्या आधी आम्हाला हे गणित यायचं. तिथीला पाऊणपट करायचं, येईल तो आकडा भरतीचा. पौर्णिमेला आणि अमावास्येला भर दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास भरती. चतुर्थीला चाराचे पाऊणपट तीन. अष्टमीला सहा. एकादशीला अकराचे पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे भरती सकाळी सव्वाआठला आणि सहा तासांनी, सव्वादोनला, पुरती ओहोटी. ही मंडळी नेमकी ओहोटी गाठून घळ बघायला गेली होती. रोज भरती पाऊण तासाने, कधी थोडी जास्तच, पुढे सरकते. कोळ्यांचं सगळं आयुष्य या पाढ्यावर चालतं आणि आमचे इंजिनिअर जावई-मुलगे नकाशात रस्ता बघतात, कॅलेंडरात तिथी बघत नाहीत.

"घळ बघायची तर भरतीला, आणि लांबूनच," मी म्हटलं. "पोरांना पाण्यात सोडायचं ते मात्र भरती चढताना घोट्याएवढ्या पाण्यात. ओहोटीचं पाणी पाय ओढतं. आणि एकादशीला जेवणात काय होतं तुमच्या?"

"मी साबुदाण्याची खिचडी खाल्ली हो काकू."

"आणि ह्यांनी?"

"सुरमई," ती फ्रॉकला म्हणाली.

त्यातल्या त्यात मुलं खूश झाली ती तवसाळच्या बोटीवर. आपण गाडीत बसलोय आणि गाडी बोटीत, हे त्यांना पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटत होतं. पलीकडे जयगडला उतरल्यावर थोरल्याने विचारलं, आता परत याच बोटीने जायचं का? हो म्हटल्यावर त्याला गणपतीपुळ्याचं काही देणंघेणंच उरलं नाही. ती बोट घेऊन दिवसभर इकडून तिकडे करत बसले असते, तरी सहल वसूल होती, असं माझं मत.

मग ती जरा जवळ आली. आत तिच्या सासूबाई पूजेला बसलेल्या, तरी आवाज उतरवला.

"एक झालं काकू. घरी सांगितलेलं नाही. डोंबिवलीची धाकटी हरवली होती किनाऱ्यावर."

संध्याकाळ. सहाही मोठी माणसं वाळूत बसलेली. चहा आलेला. पुरुषांना वाटलं बायका बघताहेत. डोंबिवलीवालीला वाटलं आपली पोर हिच्या थोरल्यासोबत किल्ला करतेय. हिला वाटलं ती आईकडे गेली. पोर शिंपले वेचत वेचत, मान खाली घालून, सुरूबनाच्या कडेने सरळ चालत निघाली होती. किनारा लांबच लांब, सगळीकडे सारखाच, वळून पाहिलं तरी आपली माणसं कुठली ते कळायचं नाही. एका घोडेवाल्याने तिला विचारलं आणि हात धरून परत आणलं. तोपर्यंत दोघे पाण्याच्या दिशेने धावले होते, आणि डोंबिवलीची जागेवरच मटकन बसली होती.

"कोणी कोणाला बोललं?"

"नाही. तेच तर. कोणीच काही बोललं नाही. रात्री जेवणं मुकाट."

मीही थोडा वेळ काही बोलले नाही. सहा माणसं बघताहेत म्हणजे कोणीच बघत नाही. आमच्या माहेरच्या लग्नघरात विहिरीपाशी एक माणूस बसवलेला असायचा. त्याला वाढायचं काम नाही, पत्त्याचा डाव नाही, नुसतं विहिरीवर बसायचं. तासाने दुसरा यायचा आणि पहिल्याने त्याला तोंडाने सांगायचं, आता तू. तेवढं बोलणं झाल्याशिवाय उठायचं नाही. किनाऱ्यावर तेच. आणि पोरांना भडक रंगाचे कपडे, निळे-हिरवे नकोत, आणि फोन नंबर मनगटावर पेनाने लिहायचा. हे सगळं तिला सांगितलं. तिने ऐकलंही.

"हिशेब झाला का?" मी विचारलं. कारण खरं दुखणं तिथेच असतं.

"त्यावरूनच तर रात्री बाणेरवाल्यांचा मेसेज आला. खर्च तीन घरांत सारखा वाटला होता. ते म्हणतात, आमचं एकच मूल, डोंबिवलीची दोन, तुमची दोन, मग सारखा कसा? डोंबिवलीवाले म्हणतात, आम्ही मासे खात नाही, सुरमईचे पैसे आम्ही का भरायचे? आणि आमचे हे म्हणतात, डिझेल कोणी धरलंच नाही."

"आणि दुसऱ्या बाटल्यांचं?"

"काकू!" तिने घराकडे पाहिलं.

"बरं, बरं. पण ते वेगळं धरलंय ना?"

"नाही धरलेलं," ती पुटपुटली. "जेवणात धरलंय."

मी कपाळाला हात लावला. पहिल्या दिवशी गाडी सुटायच्या आधी सगळ्यांनी पैसे काढून एका माणसाकडे द्यायचे. मोठ्याचं पूर्ण पान, पोराचं अर्धं, मांडीवरच्याचं काही नाही. राहणं, नाश्ता, साधं जेवण त्यातून. मासे, कोंबडी आणि बाटली ज्याची त्याने. डिझेल गाडीत बसलेल्यांनी. हे घरून ठरवून गेलात तर कोणाला राग येत नाही. घरी आल्यावर ठरवलंत तर मैत्री जाते. साठ-सत्तर रुपयांच्या घावनांवरून वीस वर्षांच्या मैत्र्या गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

"आता मे महिन्यात पुन्हा जायचं म्हणताहेत हे. मालवणला. सगळ्यांनी मिळून."

"मेमध्ये उकाडा सोसेल तुम्हाला? आणि जायचंच तर पंचवीसच्या आत या. त्यानंतर पावसाळ्यासाठी पाण्यातले खेळ आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद करतात, मग नुसता लाटांकडे बघत बसा. डोंबिवलीकरांना सांग, आगगाडीचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, त्याच सकाळी बसायचं."

"आणि बाणेरवाले?"

आतून धाकटीच्या रडण्याचा आवाज आला आणि सासूबाईंची घंटा थांबली. ती टॉवेल गोळा करू लागली.

"त्यांनाही न्या," मी म्हटलं. "तो मुलगा आजींकडे सोलकढी मागायला गेला, म्हणजे पोर चांगलं आहे. फक्त त्यांची खोली वाडीच्या दुसऱ्या टोकाला घ्या, आणि उधारी राहिली असेल ती आज संध्याकाळपर्यंत देऊन टाका."