आपला एक माणूस आहे

नाना तुम्हालाही ठाऊक आहेत. तुमच्याकडे त्यांना अण्णा म्हणत असतील, नाहीतर बापू, पण माणूस तोच. घरातला नळ गळायला लागला, की आपण पान्याला हात घालायच्या आत ते दारात उभे असतात. कुणी सांगितलं, कसं कळलं, हे विचारायचं नाही. चपला दारात काढता काढताच ते म्हणतात, "थांब. आपला एक माणूस आहे."

प्लंबर आहे, असं ते म्हणत नाहीत. प्लंबर काय, कुणालाही मिळतो. नानांकडे असतो तो 'आपला माणूस'. दाताला आपला माणूस, पासपोर्टला आपला माणूस, देवगडच्या हापूसला आपला माणूस. मागे आमचा गिझर बिघडला तेव्हा नानांनी धाडलेला आपला माणूस लग्नसराईत बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा आणि एरवी विजेची कामं करायचा. गिझर दुरुस्त झाला, नाही असं नाही. फक्त पाणी तापलं की तो शिट्टी वाजवतो. नानांना सांगितलं, तर म्हणाले, "सुरात आहे ना?"

हे सगळं आम्ही वर्षानुवर्षं सोसलं. पण ताईच्या गाडीला हात लावला तेव्हा माझा संयम सुटला.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. लहानपणी पोलिओ झाला, त्यात डावा पाय गेला. तिच्याकडे अ‍ॅक्टिव्हा आहे, मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक चाक जोडलेली. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात असल्या गाडीला 'इनव्हॅलिड कॅरेज' म्हणायचे. २०१९च्या दुरुस्तीत ते 'अडॅप्टेड व्हेइकल' झालं. ताईच्या कागदांवर जुनाच शब्द आहे आणि तिला त्याचं काही वाटत नाही. "कॅरेज इनव्हॅलिड आहे, मी नाही," म्हणते.

आता ज्यांनी ही गाडी चालवली नाही त्यांच्यासाठी सांगतो. साध्या दुचाकीला खड्ड्यांच्या रस्त्यातून जायला एक धड रेघ सापडली की पुरते. ताईला एका वेळी तीन रेघा सापडाव्या लागतात. शिवाय ही गाडी वळताना कलत नाही. दुचाकी वळणात आपल्याबरोबर झुकते, ही ताठ उभी राहते आणि आपल्यालाच बाहेर ढकलते. आणि जोडचाकांचा आडवा लोखंडी पाइप खाली लोंबत असतो. मी ओणवा होऊन पट्टी धरली, तर पाइप आणि जमीन यांच्यात साडेचार इंच. ताई एकटी बसली की चार.

एरवी चाललं असतं. पण गल्लीत नवा स्पीडब्रेकर झाला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशेबात तो दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, म्हणजे गाडी चढली कधी आणि उतरली कधी हे पोटातल्या चहालासुद्धा कळू नये. आमच्या ठेकेदाराने उंची सढळ हाताने दिली आणि रुंदी खिशात घातली. गल्लीत रेडा आडवा झोपल्यासारखा दिसतो. रोज सकाळी नऊला ताईचा पाइप त्याच्या पाठीवरून खर्रर्र करत जायचा आणि आख्ख्या गल्लीला कळायचं, की ताई निघाल्या.

गाडी उंच करायला हवी होती. इंचभर, फार तर दीड इंच. मी हे ताईशी अगदी हळू आवाजात बोललो होतो. तरी बेल वाजली.

"शॉकअप उंच करायचेत ना? नाना पेठेत आपला माणूस आहे."

नाना पेठेत दुचाकीच्या सुट्या भागांची दुकानं ओळीने आहेत, तेव्हा पत्ता चुकीचा म्हणता येत नव्हता. तिथे जाऊन मी म्हटलं, "नानांनी पाठवलंय." मिस्त्रीने मान वर न करता विचारलं, "कोण नाना?" मी वर्णन केलं. तो म्हणाला, "साहेब, ही नाना पेठ आहे." थोड्या वेळाने त्याला आठवलं. "हां, ते छत्रीवाले! मागं एकदा पावसात आडोशाला उभे होते इथं." एवढ्या भांडवलावर तो आपला माणूस झाला होता.

त्याने दोन तासांत बाजूच्या दोन्ही चाकांचे शॉकअप बदलून लांब घातले. गाडी मस्त उंच दिसायला लागली. दुसऱ्या दिवशी ताईने स्पीडब्रेकर ओलांडला, खर्रर्र नाही, काही नाही. गॅलरीतून नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला कानकोंडं झालं. तेवढ्यात वीस पावलांवर गाडी थांबली. तिथे ड्रेनेजचं झाकण रस्त्यापेक्षा बरंच खाली बसलंय. बाजूची दोन चाकं त्या खळग्याच्या दोन काठांवर टेकली आणि मधलं, म्हणजे ज्याच्या जिवावर गाडी चालते ते चाक, अधांतरी. ताई अ‍ॅक्सिलरेटर पिळतेय, चाक गरगर फिरतंय, इंजिन बोंबलतंय आणि गाडी जागच्या जागी. मीटरचा काटा शून्यावर, कारण त्याची केबल पुढच्या चाकाला. मागे दुधवाला, स्कूलबस आणि एक बुलडोझर. शेवटी चौघांनी उचलून ताईला, पालखी उचलावी तशी, पुढे ठेवलं.

नाना खाली आले. सगळं शांतपणे पाहिलं. म्हणाले, "उंच तर झाली ना?"

त्यानंतरचे दोन महिने मी धड सांगू शकत नाही. जुन्या बाजारात आपला माणूस होता. तो फक्त बुधवारी आणि रविवारी असायचा, आणि आम्ही गेलो त्या बुधवारी गावाला गेला होता. भवानी पेठेत लाकडाच्या वखारीसमोर आम्ही पाऊण तास उभे होतो. तिथला आपला माणूस पूर्वी वेल्डिंग करायचा, आता प्लायवूड विकतो. एकाने तर रिक्षाचे शॉकअप बसवायचं सुचवलं. ताई म्हणाली, "मग मीटरही बसवा, पाहुण्यांना सोडताना उपयोगी पडेल." गाडीत फेरफार करायचे तर कायद्याच्या बावन्नाव्या कलमाची भानगड आहे, असं मी म्हटलं, तर नाना हसले. "आरटीओत आपला माणूस आहे." निघाला तो आरटीओच्या फाटकाबाहेरचा झेरॉक्सवाला. पण एक सांगतो, आतल्या कुणाहीपेक्षा त्याला जास्त माहिती होती. कुठला अर्ज, कुठली खिडकी, कुठल्या वारी साहेब जागेवर असतात, सगळं. या देशात कायदा ज्याला पाठ आहे तो बहुधा फाटकाबाहेरच बसलेला असतो.

दरम्यान माझा मुलगा अमेरिकेतून व्हिडिओ पाठवत होता. तिथे त्याच्या शेजाऱ्याकडे होंडाची गोल्डविंग आहे. १८३२ सीसी, सहा सिलिंडर, म्हणजे आमच्या अ‍ॅक्टिव्हाच्या मानाने हत्तीच. गुडघे दुखायला लागल्यावर त्याने तिचं मागचं एक चाक काढून दोन बसवून घेतली आणि आता ती घासते म्हणून उंच करायची आहे. किट घरपोच आलंय. पण बसवून द्यायला कुणी तयार नाही. शोरूमवाले म्हणतात, तीन चाकी आम्ही हातात घेत नाही. मोटारींचे गॅरेजवाले म्हणतात, ही मोटरसायकल आहे. किट तीन महिने गॅरेजात पडून आहे. हे ऐकून नानांचे डोळे लकाकले.

"कुठे राहतो तो?"

"ओहायोला."

"शिकागोहून लांब आहे का? शिकागोला आपला माणूस आहे."

भोसरीचा लेथवाला आम्हाला नानांनी शोधून दिला, असं नाना सांगतात. खरं म्हणजे प्लायवूडवाल्याने आपल्या मेव्हण्याचं नाव दिलं, मेव्हण्याने एका फॅब्रिकेटरचं, आणि फॅब्रिकेटरने समोरच्या शेडकडे बोट दाखवलं. पण साखळीची पहिली कडी नानांची, हे मान्य करायला हवं. करतो. झालं.

शेडमध्ये पत्र्याचा उकाडा, कूलंटचा पांढरा ओघळ, पायाखाली लोखंडाच्या कुरळ्या किसाचा गालिचा. लेथवाला पन्नाशीचा, कानाला पेन्सिल. गाडीकडे बघितलंच नाही त्याने. ताईकडे बघून विचारलं, "मागं कुणी बसतं का, एकट्याच जाता?"

दोन महिन्यांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. ताई म्हणाली, शुक्रवारी एक मैत्रीण असते, भाजी आणायला. "जाड, बारीक?" "बरी आहे." मग त्याने ताईला गाडीवर बसवलं, मला मागे बसवलं, आणि ओणवा होऊन तिन्ही शॉकअप किती बसतात ते मोजलं. नानांनाही बसायचं होतं, त्यांना नाही म्हणाला. मग त्याने सांगितलं ते असं: बाजूची चाकं तेवढी उचलली की मधलं लटकतं, आणि मधलं तेवढं उचललं की बाजूची लटकतात. उचलायचं तर तिन्ही सारखी. आणि हावरटपणा करायचा नाही, गाडी जितकी उंच तितकी वळणात उलथायला बघणार. "आठ सूत. त्याच्यावर मी देत नाही." आठ सूत म्हणजे एक इंच. बाकीचं त्याने पाइपमधून काढलं. सरळ पाइप काढून मधोमध वर कमान दिलेला घालू म्हणाला. कमानीत अडीच इंच सुटतात, गाडीचा तोल तोच राहतो. तीन शॉकअपच्या खाली लावायचे तीन तुकडे त्याने आमच्यासमोर लेथवर ओढले. पहिला तुकडा हातात दिला तेव्हा गरम होता. ताईने तो रुमालात धरून उलटसुलट करून पाहिला, सराफाच्या दुकानात पाहावं तसा.

काम चालू होतं तेव्हा नाना बाकावर बसले आणि पिशवीतून त्यांनी डायरी काढली. ती डायरी मी इतकी वर्षं दुरूनच पाहत आलोय. काळं रेक्झिन, रबर लावून बंद केलेली. लेथवाल्याचा नंबर लिहायचा होता, चष्मा घरी राहिला होता, म्हणून माझ्याकडे दिली. आतले निम्मे नंबर सहा आकडी. पुण्याचे फोन सहा आकडी होते त्या काळातले. पुढे सात झाले, आठ झाले, मोबाइल आले, नानांनी खोडलं काही नाही. आणि बऱ्याच नावांच्या आधी बारीक अक्षरात 'कै.' लिहिलेलं. प्लंबर, कै. सुतार, कै. हापूस, कै. पानंच्या पानं. मी म्हटलं, "नाना, ही खोडायची नाहीत का?" ते म्हणाले, "का? माणूस आपलाच आहे."

'स'च्या पानावर होतं 'साइड व्हील', सहा आकडे, आणि आधी कै.

मला तो माणूस आठवतो. १९९१ साली वडिलांनी ताईसाठी कायनेटिक होंडा घेतली. गिअर नाही आणि किक मारायलाही नको, अंगठ्याने बटण दाबलं की सुरू, म्हणून ताईसारख्या कितीतरी जणांनी त्या काळात ती घेतली. तोवर ताई हाताने फिरवायच्या तीनचाकी सायकलवर कॉलेजला जायची आणि तळहातांना घट्टे पडले होते. पण कायनेटिकला चाकं जोडून देणारा कोण? वडील पंधरा दिवस हिंडले आणि हात हलवत परत आले. मग वाड्यातल्या वरच्या मजल्यावरून नाना खाली आले. तेव्हा ते चाळिशीचे. म्हणाले, आपला एक माणूस आहे. आणि होता. खरोखरच होता. पहिल्या दिवशी मैदानात ताई गाडी चालवत होती आणि तो मिस्त्री एका बाजूने, नाना दुसऱ्या बाजूने, दोघं धावत होते. नानांची चप्पल तुटली, ती हातात घेऊन ते धावले. तिसऱ्या फेरीला ताईने वेग घेतला आणि दोघं मागे राहिले. वडील काही बोलले नाहीत, नुसते धोतराच्या सोग्याने चष्मा पुसत होते.

तेव्हापासून नानांना वाटतं, असा माणूस प्रत्येक कामाला असतो. गिझरलासुद्धा.

लेथवाल्याचा नंबर मी 'ल'मध्ये लिहायला निघालो. नाना म्हणाले, "'आ'मध्ये लिही." आपला माणूस.

गाडी आता झकास आहे. रेडा ओलांडते, झाकणावरही अडकत नाही. गल्लीला ताई निघाल्याचं कळत नाही एवढंच, आणि दुधवाल्याला चुकल्याचुकल्यासारखं होतं.

गेल्या रविवारी सकाळी बेल वाजली. दारात कुबड्या घेतलेला एक तरुण, खाली जोडचाकांची स्कूटर उभी.

"नानांनी पाठवलंय. गाडी उंच करायचीय. म्हणाले, तिसऱ्या मजल्यावर आपला माणूस आहे."

मी गॅलरीकडे पाहिलं. नाना पेपरमागे होते. पेपर उलटा होता की नाही, ते इथून दिसत नव्हतं. मी बँकेतून निवृत्त झालेला कारकून, मला स्क्रू पिळायचा तर डावीकडे की उजवीकडे हे बायकोला विचारावं लागतं. हे सगळं त्या मुलाला सांगायचं म्हणून मी तोंड उघडलं.

"बसा," मी म्हणालो. "मागं कुणी बसतं का, एकटेच जाता?"