राक्षस बेगीन मेलो!

‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेचा शेवटचा भाग आपल्याकडे २० मे २०१९ ला, सोमवारी सकाळी साडेसहाला लागला. त्या शेवटाचा निषेध मात्र त्याआधीच झाला होता. आठवा सीझन रद्द करा आणि काम येणाऱ्या लेखकांकडून नव्याने लिहून घ्या, या मागणीखाली तोवर दहा लाखांवर सह्या पडल्या होत्या. न पाहिलेला शेवट वाईट आहे हे इतक्या ठामपणे सांगायला छाती लागते. गोव्यात त्या दिवसांत वेगळीच उत्कंठा होती. पणजीच्या पोटनिवडणुकीचं मतदान आदल्याच दिवशी झालं होतं आणि निकाल २३ ला लागायचा होता. पण तो लागण्याआधीच ‘चुकीचा लागला’ म्हणून सह्या गोळा करायचं इथल्या एकाही पक्षाला सुचलं नाही. राजकारण्यांना कल्पनाशक्ती नसते म्हणतात ते उगाच नव्हे.

चाहत्यांच्या तक्रारी पोकळ होत्या असं नाही. पहिल्या भागाच्या पहिल्याच प्रसंगापासून ज्या बर्फाळ भुतांची धास्ती घातली, त्यांचा राजा एका रात्रीत, एका पोरीच्या एका घावात संपला. त्या रात्रीची लढाई इतकी अंधारी होती की वीज गेली की काय म्हणून लोक घरचे दिवे तपासू लागले असतील. राणीपुढच्या टेबलावर आजच्या जमान्यातला कॉफीचा कप राहून गेला आणि प्रक्षेपणानंतर तो गुपचूप पुसावा लागला. शेवटी गादीवर बसला तो ब्रॅन, म्हणजे आठ वर्षांत ज्याच्या वाट्याला सगळ्यात कमी काम आलं तो मुलगा. (एवढं होऊनही सप्टेंबरात सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा एमी पुरस्कार याच सीझनने नेला. स्पर्धेची नाटकं पाहून मुरलेल्या फोंडेकराला परीक्षक आणि प्रेक्षक यांच्यातली ही तफावत नवी नाही.) सगळ्यात मोठा आक्षेप होता पात्रं एकाएकी बदलल्याचा. गुलामांना सोडवत फिरणारी डॅनेरिस शरण आलेलं शहर जाळते हे कुणालाच पटेना. या आक्षेपावर गोवेकराने तरी सही करू नये. १० जुलै २०१९ ला, मालिका संपून दोन महिने व्हायच्या आत, काँग्रेसच्या पंधरा आमदारांतले दहा भाजपमध्ये गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये अकरातले आठ गेले. पूर्वसूचना, मनोव्यापार, व्यक्तिरेखेचा विकास यांतलं काहीही प्रेक्षकाला दाखवलं गेलं नाही, आणि कॉफीचा कपसुद्धा कुणी पुसला नाही.

मला स्वतःला वाटतं, राग त्या शेवटाच्या बरेवाईटपणाचा कमी आणि तो आठ वर्षं लपवून ठेवल्याचा जास्त होता. शेवट गुपित ठेवला की प्रेक्षकाचा सावकार होतो. तो दर आठवड्याला आपली उत्सुकता मालिकेला उसनी देतो, त्याच्या डोक्यात व्याज चढत जातं, आणि शेवटच्या दिवशी दारात उभा राहून तो हिशेब मागतो. त्र्याहत्तर भागांचं व्याज फेडता येईल असा शेवट अजून कुठल्याही लेखकाला सुचलेला नाही. ब्रॅनऐवजी चाहत्यांच्या लाडक्या जॉनला गादीवर बसवलं असतं तरी ‘हे तर आम्हाला पहिल्या सीझनलाच ठाऊक होतं’ म्हणून तितक्याच सह्या पडल्या असत्या. आणि शेवट जर आधीपासून गावाच्याच मालकीचा असेल? याचं उत्तर शोधायला फोंड्याहून फार लांब जावं लागत नाही. पेडण्याच्या कुठल्याही जत्रेत ते मध्यरात्रीनंतर उभं राहिलेलं दिसतं.

पेडणे महालात दशावतारी नाटकाला जो प्रेक्षक बसतो, त्याला शेवट माहीत नाही असं कधी होत नाही. आख्यानाचं नावच ‘कीचकवध’ नाहीतर ‘जरासंधवध’. कोण मरणार हे मंडळी स्वतःच फळ्यावर लिहून लावतात. स्पॉयलर म्हणून ज्याची धास्ती घेऊन लोक ऑफिसात कानात बोटं घालून बसतात, तो इथे जाहिरातीचा मजकूर असतो. लिखित संहिता नसते. रंगपटात तोंडाला रंग लावता लावता कथानक ठरतं, आणि बाकीचं पायपेटी, पखवाज, झांज आणि नटाची जीभ यांच्या भरवशावर. गणपती, सरस्वती, काळा संकासुर आणि त्याची मालवणी फटकेबाजी होऊन मुख्य आख्यान लागतं, ते पहाटे दहीकाल्याची हंडी फुटेपर्यंत चालतं. रंगमंचावर सामान म्हणून एक बाकडं. ते सिंहासन असतं, गरज पडली तर डोंगर असतो, आणि राजा मूर्च्छित झाला की पलंगही होतं. आता एवढं सगळं ठाऊक असलेला माणूस खाजे चघळत पहाटेपर्यंत जागतो कशासाठी? तक्रार करायला. स्त्रीपार्ट करणाऱ्याचा पदर आज नीट बसला नाही. युद्धाच्या वेळी झांज मागे पडली. नारदाने कालच्याच गावातला विनोद पुन्हा केला. आणि सगळ्यात जहाल टीका, जी मंडळीच्या मालकाला झोंबते: ‘राक्षस बेगीन मेलो!’, म्हणजे फार लवकर मेला. राक्षस मेला याबद्दल कुणाचं काही म्हणणं नसतं. तो मरायचाच होता. पण ज्याने तीन तास गर्जना केल्या, त्याने मरायला निदान वीस मिनिटं तरी घ्यावीत, मरता मरता दोन पदं म्हणावीत, तलवार एकदा सुटून पुन्हा हाती यावी, ही प्रेक्षकाची रास्त अपेक्षा. ही टीका कामाच्या वकुबावर असते. ती करणारा प्रेक्षक कारागिराला तोलत असतो. आपली फसवणूक झाली असं त्याच्या मनातही येत नाही.

यावर कुणी म्हणेल, पुराणकथेचं ठीक आहे हो, ती सगळ्यांना पाठच असते. नव्या गोष्टीचा शेवट आधी सांगितला तर ती पाहील कोण? शंका वाजवी आहे. पण दशावतारात नुसती पुराणं होत नाहीत. काल्पनिक आख्यानंही भरपूर होतात. त्यांतला राजा, राणी, सेनापती कुठल्याच ग्रंथात सापडायचे नाहीत, आणि तरीही शेवटी न्याय होणार हे पहिल्या पदालाच सगळ्यांना कळलेलं असतं. दुसरा आक्षेप याहून धारदार: ठाऊक असलेल्या शेवटात धार उरत नाही, तो अंगाई होतो. इथे मी खाडिलकरांचं ‘कीचकवध’ पुढे करीन. १९०७ साली ते रंगभूमीवर आलं. कीचक शेवटी भीमाकडून मरतो हे तेव्हाही शेंबड्या पोराला माहीत होतं. लोकांनी कीचकात कर्झन पाहिला, द्रौपदीत देश पाहिला, आणि १९१० मध्ये इंग्रज सरकारने नाटकावर बंदी घातली. दोन हजार वर्षं ठाऊक असलेला शेवट पुन्हा घडू नये म्हणून साम्राज्याला कायदा वापरावा लागला. शेवट गुपित असता तर सरकारला इतकी भीती वाटली नसती. तिसऱ्या अंकात काहीतरी तडजोड निघेल अशी आशा तरी राहिली असती.

आता माझ्या म्हणण्याविरुद्धचा सगळ्यात भक्कम पुरावा मीच मांडतो, नाहीतर कुणीतरी मांडेलच. रामानंद सागरांचं ‘रामायण’ २५ जानेवारी १९८७ ला सुरू झालं आणि ३१ जुलै १९८८ ला संपलं. त्याचा शेवट ठाऊक नव्हता असा माणूस या देशात मिळाला नसता. तरी ते संपताच जालंधरसह उत्तरेतल्या काही शहरांत सफाई कामगारांनी संप केला, रस्त्यांवर कचरा साचला आणि अखेर उत्तररामायण दाखवणं भाग पडलं. म्हणजे माहीत असलेल्या शेवटावरही दंगा होतोच की! होतो, पण मागणी काय होती ते पाहावं. त्या कामगारांत वाल्मीकींना मानणारा समाज मोठा होता, आणि ज्या भागात खुद्द वाल्मीकी लव-कुशांना वाढवतात तोच गाळला जात होता. ‘शेवट बदला’ असं कुणी म्हणालं नाही. ‘थांबलात का, गोष्ट अजून बाकी आहे’ असं म्हणाले. त्यांना कथा मालिकेच्या लेखकापेक्षा जास्त पाठ होती. झाडू खाली ठेवून त्यांनी जो समीक्षालेख लिहिला तो ताबडतोब मान्य झाला, हे भाग्य आमच्या वाङ्मयीन वर्तुळात अजून कुणाला लाभलेलं नाही.

शिवाय आपल्या पूर्वजांनी शेवट गोड करून ठेवले म्हणून आपण शांत असतो, अशीही कुणाची समजूत असेल तर महाभारत मौसलपर्वापासून शेवटपर्यंत वाचावं. युद्ध जिंकून देणाऱ्या कृष्णाचं सगळं कुळ दारू पिऊन एकमेकांना मारून संपतं. कारण काय, तर पोरांनी सांबाला गरोदर बाईचा वेष देऊन ऋषींची थट्टा केली आणि शापाने लोखंडाचं मुसळ जन्माला आलं. कृष्ण एका पारध्याच्या बाणाने जातो. पांडव हिमालय चढताना एकेक करून कोसळतात, आणि धर्मराज कुत्र्यासह स्वर्गाच्या दारी पोचतो, आत जातो तर समोर दुर्योधन ऐटीत आसनावर बसलेला! हे जर आठवड्याला एक भाग करून दाखवलं असतं तर व्यासांच्या अंगणात माणसांची रांग लागली असती, आणि गणपतीला ‘तुम्ही तरी लेखणी थांबवायची होती’ असं सुनवायला लोकांनी कमी केलं नसतं. हा शेवट पचला, कारण तो हळूहळू सगळ्यांचा झाला. आमच्या अंत्रुज महालात, म्हणजे फोंड्याकडे, तर कथेची मालकी इतकी ढिली आहे की ‘जय मल्हार’ मालिकेत म्हाळसा खंडोबाची बायको म्हणून रुसत-फुगत होती, तेव्हा म्हार्दोळच्या देवळात तीच म्हाळसा विष्णूचं मोहिनीरूप म्हणून पूजा घेत होती. दोन्ही कथा शेजारी नांदतात. कुठली खरी हे ठरवायला कुणी सह्या मागितल्या तर त्याला आधी प्रसाद देऊन बसवतील.

एक गोष्ट मात्र ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या चाहत्यांच्या पदरात घातली पाहिजे. घाई झाली होती. दहा-दहा भागांचे सीझन होते ते सातव्यात सात आणि आठव्यात सहा भागांवर आले, आणि तेही मूळ कादंबरीकार मार्टिनसाहेबांची पुस्तकं मागे पडल्यानंतर. म्हणजे मूळ आख्यान संपलं, नट अजून रंगमंचावर उभे आणि मालकाला मात्र घरी जायची घाई. पेडण्यात यालाच ‘बेगीन’ म्हणतात. पण सह्या करणाऱ्यांनी तक्रार घाईपुरती ठेवली असती तर माझं काही म्हणणं नव्हतं. त्यांनी मागितला नवा शेवट, आणि तो मिळाला असता तर वर्षभराने तोही बदलून मागितला असता. याच्या उलट दुखणं आमच्या हौशी रंगभूमीचं. शेवट सांगितला तर प्रेक्षकाच्या बुद्धीचा अपमान होईल या भीतीने नाटक ऐन मोक्याला अंधारात जातं, आणि ते संपलं हे कळायला पडद्यापेक्षा पार्किंगमधल्या गाड्यांचा आवाज जास्त उपयोगी पडतो.

मार्टिनसाहेबांचा पाचवा खंड २०११ मध्ये आला. सहाव्याची वाट जग अजून पाहतं आहे. कथानक तेवढं एखाद्या दशावतारी मंडळीच्या हवाली केलं तर एका रात्रीत निकाल लागेल. लोखंडी सिंहासनाची चिंता नाही, बाकडं आहे. ड्रॅगनचं काम ट्रिकसीनवाले करतील. धूर आणि लाल दिवा त्यांच्या गाडीत असतोच. डॅनेरिसला पदर सांभाळणारा कसलेला स्त्रीपार्ट मिळेल आणि शहर जाळण्याआधी ती निदान एक पद म्हणेल, म्हणजे कारण तरी समजेल. नारदाशिवाय आख्यान पुढे सरकत नाही ही अडचण खरी. पण व्हॅरिस नावाचा टकला कळलाव्या त्यांच्या दरबारात आयता आहे, त्याच्या हाती चिपळ्या दिल्या की झालं. बोलणी तेवढी पावसाळ्यातच उरकून घ्यावी लागतील, कारण जत्रा सुरू झाल्या की चांगल्या मंडळीची तारीख मिळत नाही.