तात्या, मनी आणि साडेचार

बारामतीत सकाळी फिरायला निघालेल्या पेन्शनीतल्या माणसांच्या कुठल्याही घोळक्यात एक तरी असा सापडतो, जो चहाच्या टपरीवर टेकता टेकता जांभई देतो आणि म्हणतो, "झोप कसली राव! साडेचारला मनी उठवतीच." नावं निरनिराळी असतात, आपण सोयीसाठी सगळ्यांना मिळून तात्या म्हणू. वाक्य तक्रारीचं असतं, पण चाल तक्रारीची नसते. नातवाच्या खोड्या सांगताना आजोबांच्या आवाजात जे लटकं वैतागलेपण येतं, तेच इथंही ऐकू येतं. ऐकणाऱ्यानं "अरेरे" म्हटलं की तात्यांचा चेहरा खुलतो. एखाद्यानं उपाय सुचवला की पडतो. ज्याला आपला त्रास जावा असं मनापासून वाटतं, त्याचं बरोबर उलट व्हायला हवं. म्हणून माझं म्हणणं असं की मनी तात्यांना उठवत नाही. तात्या तिच्याकडून उठवून घेतात.

हे पटायला तात्यांचं पूर्वायुष्य पाहावं लागतं. हा माणूस मूळचा इंदापूर तालुक्यातला. सणसरचा असेल, लासुर्ण्याचा असेल, निमगाव केतकीचा असेल. थोडा ऊस, चार-पाच जर्शी गाई, जमलं तर भवानीनगरच्या किंवा वालचंदनगरच्या कारखान्यात नोकरी. या टापूत पहाट नावाची गोष्ट निसर्गानं कमी आणि कामानं जास्त ठरवलेली आहे. डेअरीवर दूध वेळेत पोचवायचं तर धारेला अंधारातच बसावं लागतं. नीरा डाव्या कालव्याचं पाणी इंग्रजांच्या काळापासून या रानांना मिळतंय, आणि पाण्याची पाळी रात्री आली तर रात्रीच दारं धरावी लागतात. शेतीपंपाची वीज एक आठवडा दिवसा तर दुसरा रात्री. कारखान्याचा भोंगाही कुणाची झोप झाली की नाही याची चौकशी करत नाही. अशी तीस-पस्तीस वर्षं काढून मुलांच्या शिक्षणाच्या निमित्तानं तात्या बारामतीत आले, भिगवण रोडच्या बाजूला रो-हाऊस घेतलं, यथावकाश गाई विकल्या, रान वाट्यानं लावलं. गोठ्यातून शहरात आली ती एकटी मनी, कारण मांजराला बाजारात गिऱ्हाईक नसतं.

यावर पहिला आक्षेप प्राणिशास्त्राचा येतो. मांजराचा पिंडच तसा, तो तात्यांच्या माथी कशाला मारायचा? आक्षेपात तथ्य आहे. मांजर दिवसाचे बारा ते सोळा तास झोपतं आणि संधिप्रकाशात तरतरीत होतं, कारण उंदीर त्या वेळी बाहेर पडतात. उंदरांमागूनच ते धान्य साठवणाऱ्या माणसाच्या घरात शिरलं. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलं आहे, ते सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं. पण संधिप्रकाश दिवसातून दोनदा येतो. संध्याकाळी सातला मनी घरभर उधळते त्याबद्दल तात्यांनी टपरीवर कधी चकार शब्द काढल्याचं कुणाला आठवत नाही. शिवाय बारामतीत सूर्य मे महिन्यात सहाच्या सुमाराला उगवतो आणि जानेवारीत सात वाजून जातात. मनी सूर्याच्या तंत्रानं चालती तर तिची वेळ वर्षभरात तासाभरानं तरी मागंपुढं सरकली असती. ती बाराही महिने साडेचारच आहे. साडेचार ही सूर्याची वेळ नव्हे, धारेची आहे. गोठ्यात त्या वेळेला किटलीवरचा फेस मनीच्या वाटीत पडायचा, आणि तो कोण ओतायचं हे ती विसरलेली नाही. (मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दूध नीट पचत नाही, हे दुधाच्या तालुक्यात सांगून उपयोग नाही. मांजराला गोड चवच कळत नाही हे २००५ साली सिद्ध झालं, तेही उसाच्या पट्ट्यात कुणी मनावर घेतलेलं नाही.)

दुसरा आक्षेप जरा भावनिक आहे: इतक्या आर्जवानं ओरडणाऱ्या जिवाकडे पाठ कशी फिरवायची? आर्जव खरंच आहे, फक्त ते कमावलेलं आहे. मोठी मांजरं आपसात म्याव सहसा करत नाहीत. तो आवाज त्यांनी मुख्यतः माणसासाठी राखून ठेवला आहे. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या कॅरेन मॅकोंब यांनी २००९ मध्ये दाखवलं की खाणं मागताना मांजर आपल्या गुरगुरण्यातच एक उंच सूर मिसळतं, तान्ह्या बाळाच्या रडण्याच्या जवळ जाणारा. म्हणजे मनी शास्त्रशुद्ध ब्लॅकमेल करते. पण ब्लॅकमेल चालू राहायला पैसे देणाराही नियमित लागतो. किंबहुना अनियमित असला तर अधिक बरं. वर्तनशास्त्रज्ञ स्किनर यांनी कबुतरांवर केलेल्या प्रयोगांतून हे पक्कं झालं आहे की दर वेळी मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा अधूनमधून मिळणारं बक्षीस सवय घट्ट करतं. एकदा कांद्याला भाव मिळालेला शेतकरी पुढची कितीतरी वर्षं कांदा लावत राहतो, तसंच हे. तात्या चार दिवस उशीत तोंड खुपसून पडतात, पाचव्या दिवशी "बरं बाई" म्हणत उठतात, आणि मनीला समजतं की पाच दिवस ओरडायचं असतं.

मात्र माझ्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा ना सायप्रसमध्ये आहे ना ससेक्समध्ये. तो त्याच खोलीत, तात्यांच्या शेजारी घोरत असतो. गोठ्यातलं शेण, झाडलोट, निम्म्याहून अधिक धारा, वर घरचा चहा आणि पोरांचे डबे हे सगळं ज्यांनी चार वाजता उठून केलं, त्या काकू. घर तेच, मांजर तेच, वेळही तीच. पण मनी काकूंच्या उशाशी जात नाही. काकूंनी रिकाम्या हाताच्या मांजरासाठी पांघरूण बाजूला केलं नाही म्हणजे नाहीच, आणि गाई ज्या दिवशी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्या सहापर्यंत निर्धास्त झोपतात. मांजर उठवतं हा निसर्गनियम असता तर तो पलंगाच्या एकाच बाजूला लागू झाला नसता.

उपाय तर तात्यांना तोंडपाठ आहेत. रात्री झोपण्याआधी दोरीशी खेळवून दमवायचं, त्यानंतर पोटभर खायला घालायचं, पहाटे ओरडली तरी हलायचं नाही. सुरुवातीला आरडाओरडा वाढतो, पण टिकून राहिलं तर विझतो. यातल्या प्रत्येकाला तात्यांकडे उत्तर तयार: रात्री खाल्लं तर तिला बाधतं, दार लावलं तर ती दार खरवडते, आणि मुक्या जनावराचे तळतळाट कोण घेणार? ज्या माणसानं दुधाच्या फॅटसाठी डेअरीच्या सचिवाशी वर्षानुवर्षं हुज्जत घातली, तो अडीच-तीन किलोच्या मांजरापुढं एवढा हतबल होईल हे पटत नाही. अर्थात खरे पीडितही असतात. एमआयडीसीतून रात्रपाळी करून आलेल्या पोराला मांजरानं उठवलं तर त्याची तक्रार खरीच. म्हातारं मांजर अचानक रात्री-बेरात्री ओरडू लागलं, खाणं वाढून वजन मात्र उतरू लागलं, तर थायरॉइडचा विकार असू शकतो आणि जनावरांच्या डॉक्टरांकडे जायलाच हवं. तात्यांची मनी दहा वर्षं एकाच वेळी ओरडते आणि तिचं पोट जमिनीला टेकतं.

मग तात्यांना हवं काय? गजर लावून उठता येत नाही का? येतं, पण इथंच गोम आहे. या दोन तालुक्यांत लवकर उठणं ही आवड कधी नव्हती, त्याला कारण लागायचं, आणि ज्याच्याकडे कारण नाही तो पहाटे उठला तर घरची माणसं विचारतात, "एवढ्या लवकर उठून कुणाचं बिल काढायचंय?" गाई नाहीत, पाळी नाही, भोंगा नाही. डोळा तर साडेचारला उघडतोच, कारण शरीराला गाई विकल्याचं कुणी कळवलेलं नाही. मनी ते कारण पुरवते. शिवाय ज्या गावात मोरोपंतांनी स्वतःला मोर कल्पून देवाला आळवत 'केकावली' रचली, त्याच गावात तात्यांना घरबसल्या उलटी सोय झाली आहे: आळवणारं कुणीतरी दुसरंच, आणि प्रसन्न व्हायचं की नाही हे ठरवायचं तात्यांनी. पेन्शनीतल्या माणसाला असा अधिकार दुसरीकडे कुठं मिळतो?

पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलांना हे कळत नाही. ती तक्रार खरी धरतात आणि दिवाळीला वेळ लावली की आपोआप वाटीत खाणं टाकणारं यंत्र घेऊन येतात. मुलगा साडेचारची वेळ लावून देतो आणि "आता निवांत झोपा" म्हणून गाडीत बसतो. दुसऱ्या दिवसापासून तात्या सव्वाचारला उठतात. लाइट आहे का, दाणे अडकले तर नाहीत ना, हे कुणीतरी बघायला नको का? साडेचारला दाणे पडतात तेव्हा मनी गाढ झोपलेली असते, आणि तात्या तिला हलवून उठवतात.