कळण्याची भाकरी आणि रोमन पैलवान

नशिराबादच्या व्यायामशाळेतल्या पोरांना अलीकडेच कळलंय की मटण न खाताही दंड फुगतात. सांगितलं कोणी? हॉलिवूडने. ‘द गेम चेंजर्स’ या २०१८ च्या माहितीपटात रोमन ग्लॅडिएटर जव खाऊन लढायचे, असा दाखला आहे. एक निर्माते जेम्स कॅमेरून. त्यांचा वाटाण्याच्या प्रथिनांचाही धंदा होता, हा अर्थातच योगायोग!

इकडे ज्वारीत उडीद दळून कळण्याची भाकरी थापणाऱ्या आजीवर कोणी माहितीपट काढला नाही. ज्वारीत लायसिन कमी, उडदात भरपूर. उडदात मेथिओनिन बेताचं, ते ज्वारी सावरते. हा हिशेब प्रयोगशाळेच्या आधी जात्याने मांडला होता. नातू मात्र ती भाकरी बाजूला सारून डब्यातली पावडर ढवळतो. डब्यावर उघडा माणूस आहे ना, आजी लुगड्यात.

आणि ‘वनस्पतीजन्य म्हणजे आरोग्यदायी’ हे म्हणणाऱ्याने एकदा आमची शेवभाजी खावी. बेसन, मिरची, वर बोटभर तवंग. प्राण्याचा अंशही नाही. खाऊन शंभर मीटर पळून दाखवा.

बी-१२ तेवढं ना वांग्यात ना उडदात. दूधही सोडणाऱ्याने गोळी घ्यावी, हे डॉक्टर सांगतात. माहितीपट ते पटकन उरकतो. पण सध्या हिवाळा आहे, शेतात काट्यांवर वांगी भाजली जाताहेत. व्हीगन पैलवान तिसऱ्यांदा भरीत वाढून घेतोय. उद्याची दौड परवावर गेली आहे.